गिलानुपट्ठाक : विनयपिटकातील रुग्णपरिचर्या आणि वऱ्हाडचा अनुभव

पालि भाषेतील ‘गिलान’ म्हणजे आजारी. संस्कृतातील ‘ग्लान’ तो हाच. ‘उपट्ठाक’ म्हणजे जवळ उभा राहणारा. यावरून ‘गिलानुपट्ठाक’ या सामासिक शब्दाचा अर्थ दुखणाइताजवळ उभा राहणारा असा होतो. आपल्या ‘परिचारिका’ या शब्दात भोवती वावरण्याची कल्पना आहे. पालि शब्दात थांबण्याची आहे. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खंधकात, म्हणजे चीवरखंधकात, एका आजारी भिक्खूचा प्रसंग आला आहे. तो आमच्या वाचकांस अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तो घेतला असल्याने विहारांतून त्याचे वाचन होतच असते. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदासह विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता त्यांच्या दृष्टीस तो पडला. तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे काय, या प्रश्नास त्याने नाही असे उत्तर दिले. आणि का नाही, याचे कारणही सांगितले. आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत, असे तो म्हणाला. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले. भगवंतांनी पाणी ओतले व आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. त्यानंतर संघ बोलावण्यात आला.

सामान्यतः प्रवचनकार येथवर येऊन थांबतात. भगवंतांच्या करुणेचे वर्णन होते, श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि ग्रंथ मिटला जातो. अभ्यासकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग याच्या पुढे सुरू होतो. भगवंतांनी भिक्खूंना करुणेचा उपदेश करून सोडून दिले नाही. त्यांनी नियम घातला. येथे तुम्हांस आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील, असे विचारून त्यांनी जबाबदारीचा क्रमच लावून दिला. उपाध्याय असेल तर त्याने रुग्ण उठेपर्यंत, प्रसंगी आयुष्यभर, परिचर्या करावी. तो नसेल तर आचार्याने, मग शिष्याने, मग सहाध्यायाने. यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी. आणि संघाने ती टाळल्यास ‘दुक्कट’ आपत्ती, म्हणजे विनयाचा दोष. त्या भिक्खूने सांगितलेले कारण या रचनेत पार निकालात निघते. रुग्ण कोणाच्या उपयोगी पडतो की नाही, हा प्रश्नच नियमात उरत नाही.

यापुढे दोन याद्या येतात. पहिली रुग्णाची. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा कठीण? जो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, दुखणे वाढत असता वाढते आहे, उतरत असता उतरते आहे व स्थिर असता स्थिर आहे असे परिचारकास खरे सांगत नाही, आणि ज्याला वेदना सोसवत नाहीत, त्याची. दुसरी यादी परिचारकाची. जो औषध सिद्ध करू शकत नाही, हितकर व अहितकर यांतील भेद जाणत नाही, लाभाच्या आशेने सेवा करतो, मल, मूत्र, थुंकी व वांती उचलताना ज्याला किळस येते, आणि जो वेळोवेळी रुग्णाशी धम्माच्या गोष्टी बोलून त्याचे मन उभारू शकत नाही, तो या कामास अयोग्य. याच्या उलट पाच अंगे ज्याच्या ठिकाणी आहेत तो योग्य. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातातही या याद्या आढळतात.

या याद्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील जवळजवळ प्रत्येक बाब बाहेरून पाहणाऱ्यास तपासता येते. औषध करता येते की नाही, हे दिसते. पथ्याचे ताट पुढे आले की अपथ्याचे, हेही दिसते. चौथे अंग तर नाकालाच कळते. आज रुग्णालयांतून गुणवत्ता मोजण्यासाठी ज्या तपासणी-याद्या वापरल्या जातात, त्यांची जात हीच आहे. तरीही भगवान बुद्ध हे जगातील पहिले परिचारक, असे जे व्यासपीठांवरून सांगितले जाते, ते आम्हांस मान्य नाही. आजाऱ्याजवळ बसणारी माणसे त्यांच्यापूर्वीही होतीच. विनयाने नवीन केले ते एवढेच की, परिचर्या कोणी करावी आणि ती बरी झाली की नाही हे कशावरून ओळखावे, याची व्यवस्था लावली. ‘एवढेच’ असे आम्ही लिहिले खरे. पण ते थोडे नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. तेथे परिचारकाचे चार गुण येतात : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. पालि यादीशी ताडून पाहता पहिले तीन गुण थोड्याफार फरकाने जुळतात. चौथ्यात मात्र अंतर पडते. शौच ही परिचारकाची स्वतःची शुद्धता होय. विनय परिचारकास तू शुद्ध आहेस काय असे विचारीत नाही. दुसऱ्याच्या घाणीची तुला किळस येते काय, असे विचारतो. याच संहितेत पुढे, रुग्णाला उचलण्या-निजविण्यापासून कोणत्याही कामास नाही न म्हणणारे परिचारक जमवावेत असेही सांगितले आहे, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु ज्या समाजात मैला उचलणे हे जन्माने ठरलेल्या जातीचे काम झाले, त्या समाजात शौच हा गुण आणि किळस नसणे हा गुण यांच्या वाटा फार दूर गेल्या.

हा विषय आम्हांस केवळ ग्रंथातून सुचला नाही. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड हे मोठे गाव आहे. (मोर्शी तालुक्यातही याच नावाचे गाव आहे, ते निराळे.) उत्तरेस मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेस पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. खाऱ्या पाण्याच्या गावांतील मूत्रपिंडाचे दुखणे असो की डोंगरातील बाळंतीण, रुग्णाला अकोट आणि तेथून अकोला, हाच या भागाचा नेहमीचा रस्ता. येथे वर्षावासानिमित्त या प्रसंगावर बोलताना आम्ही परिचारकाची पाच अंगे समजावून सांगितली. व्याख्यान संपल्यावर शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका उठून म्हणाल्या, “सर, आमच्या वार्डात हे पाच गुण एका माणसाजवळ नोते. वाटून देलेले होते. गोळ्या-इंजेक्शन सिस्टरकडे, खाऊ-पिऊ घालणं नातेवाइकाकडे, अन् घाण आयाबाईकडे.” पाचव्या अंगाचे काय, रुग्णाशी बोलण्याचे काय, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “ते कोनाकडेच नोतं.”

पालि ग्रंथांच्या आमच्या वाचनात ही गोष्ट आलीच नव्हती. विनयात पाच अंगे एकाच व्यक्तीची म्हणून सांगितली आहेत आणि त्यांचा परस्परसंबंध आहे. जो मल उचलतो, त्यालाच त्याचा रंग, त्यातील रक्त, त्याचे प्रमाण दिसते. आणि औषध देणाऱ्यास नेमके तेच कळणे आवश्यक असते. काम वाटले गेले म्हणजे ज्ञानही वाटले जाते. एकाकडे डोळे राहतात आणि दुसऱ्याकडे कागद. आयाबाईने पाहिलेले केसपेपरवर चढत नाही, कारण तिला कोणी विचारीत नाही.

ही वाटणी कशी झाली, याचा इतिहास अद्याप नीट लिहिला गेलेला नाही. अव्वल इंग्रजी अमदानीत प्रशिक्षित परिचारिका बहुधा युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती असत. उच्चवर्णीय कुटुंबांनी परक्याच्या अंगाला हात लावण्याचे हे काम दीर्घकाळ हलके मानले. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले, आणि त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. हे त्या काळच्या चालीविरुद्ध होते, म्हणूनच ते स्मरणात राहिले. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० होती, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. एवढ्या थोड्या परिचारिकांनी मलपात्र उचलणे शक्य नव्हते हे खरे. पण ते नेमके कोणी उचलावे, याचे उत्तर अहवालाने नव्हे, जातीने दिले.

पाश्चात्त्य देशांत परिचर्येला शास्त्राचे रूप देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्टही या घाणीपाशीच येऊन थांबते. १८५४ च्या नोव्हेंबरात त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. पाठ्यपुस्तकांत हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती असते; त्या हिवाळ्यात मृत्यू कमी न होता वाढत गेले, हे मात्र पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, इमारतीखालील तुंबलेली गटारे उपसली गेली, हवा खेळती केली गेली. आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासह आकडे मांडल्यावरच या घटनेचा अर्थ नाइटिंगेलबाईंना पूर्णपणे उलगडला. पुढे १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी शय्याव्रणाविषयी असे मत दिले की, तो बहुधा रोगाचा नव्हे, परिचर्येचा दोष असतो. निजलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कूस न बदलविल्यास आणि ओल्या अंथरुणात राहू दिल्यास पाठीवर जखम पडते. म्हणून ती जखम मोजली की परिचर्या मोजली जाते. १९९८ साली अमेरिकेत परिचर्येच्या गुणवत्तेची आकडेवारी जमविण्याची जी राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली, तीतही शय्याव्रणांची मोजणी आहे. आपल्याच मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्खूची पाठ भगवंतांनी पाहिली असेल तर काय दिसले असेल, याची कल्पना कोणत्याही परिचारिकेस करता येईल. धम्मपदट्ठकथेतील पूतिगत्त तिस्साची कथा तर सडलेल्या अंगाचीच आहे. तेथे भगवान स्वतः पाणी तापवितात.

आता थोडे वेगळ्या सुत्ताकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. पहिला पथ्य, औषध व योग्य परिचारक मिळो वा न मिळो, बरा होत नाही. दुसरा हे मिळो वा न मिळो, बरा होतो. तिसरा मिळाले तरच बरा होतो, न मिळाल्यास होत नाही. या तिसऱ्यासाठी पथ्य, औषध व परिचारक यांची अनुज्ञा आहे; आणि त्याच्यामुळे इतर दोघांचीही सेवा करावयाची. सुत्ताचा रोख उपमेवर आहे, धम्मोपदेशावर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु उपमेतील विचार तपासण्याजोगा आहे. शुश्रूषेने रुग्ण बरा झाला असे म्हणताना, तो एरवीही बरा झाला नसता हे कशावरून, हा प्रश्न येथे गृहीत धरलेला आहे. आधुनिक संशोधनात तुलनेचा गट ठेवतात तो याच प्रश्नासाठी.

असा तुलनेचा गट ठेवून परिचर्येची परीक्षा आपल्या विदर्भातच झाली, ही गोष्ट वऱ्हाडातील वाचकांस ठाऊक असावयास हवी. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत, थोडे शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना, नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. वजन करणे, ताप पाहणे, बाळास ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही ती कामे. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आरंभी हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ५८ व ६० यांच्या दरम्यानच राहिला. हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या प्रकारचे रुग्ण किती असतात, याचे हे आकड्यांतील उत्तर म्हणावयास हरकत नाही. अशाच स्वरूपाचे घरपोच बालसेवेचे काम हिवरखेडच्या डोंगरापलीकडे, मेळघाटात धारणीजवळील उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने केले.

गडचिरोलीच्या या प्रयोगावरून २०११ साली देशभर नवजात बालकांची गृहाधारित सेवा सुरू झाली. रुग्णालयातील बाळंतपण असल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरचे असल्यास सात. हिवरखेडच्या गल्लीतून आशाताई वजनाचा काटा व तापमापक घेऊन जाताना दिसते, ती या इतिहासाचीच वारस आहे. आणि येथे लक्षात घेण्यासारखी बाब ही की, तिच्यापाशी पाच अंगांपैकी चार एकत्र आहेत. ती औषध देते, पथ्य सांगते, बाळाची शी कशी झाली हे स्वतः पाहते, आणि बाळंतिणीशी बोलतेही. गडचिरोलीचे यश औषधाइतकेच या एकत्रपणाचे आहे असे आमचे मत आहे. वैद्यकाचे जाणकार ते तपासून पाहतील. पाचव्याविषयी, म्हणजे लाभाविषयी, पुढे लिहितो.

बौद्ध वाचकांस कदाचित न रुचणारी एक गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. महावग्गाच्या पहिल्याच खंधकात अशी हकीकत आहे की, मगधात पाच रोगांची साथ बळावली : कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार. लोक जीवक कोमारभच्चाकडे गेले. राजा, अंतःपुर व भिक्खुसंघ यांच्या चिकित्सेतून आपणास सवड नाही, असे त्याने सांगितले. तेव्हा ते रोगी प्रव्रज्या घेऊ लागले. कारण संघात भिक्खू शुश्रूषा करीत व जीवक उपचार करी. भिक्खूंना रुग्णांसाठी आणि परिचारकांसाठी सारखी भिक्षा मागत फिरावे लागले, जीवकाची राजकार्ये खोळंबली. अखेर जीवकाच्याच विनंतीवरून या पाच रोग्यांस प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. ज्या संघाने परिचर्येस विनयात स्थान दिले, त्यानेच तिच्या भाराला मर्यादाही घातली. हा नियम कठोर आहे. परंतु ज्यांनी एका रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड सांभाळला आहे, त्यांस त्यामागील अडचण कळेल. २००२ साली लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या नोंदी अभ्यासून दाखविले की, शस्त्रक्रियेच्या रुग्णांत एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. ज्यांनी सरकारी वॉर्ड पाहिला आहे, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

संघाने दाराबाहेर ठेवलेल्या त्या कुष्ठरोग्यांची सेवा वऱ्हाडात विसाव्या शतकात झाली. अमरावतीचे होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी गावाबाहेर ‘तपोवन’ उभारले. परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय चालले. कुष्ठरोगाच्या परिचर्येत विनयातील पहिल्या यादीचा, रुग्णाच्या यादीचा, अर्थ विशेष कळतो. बधिर पायाला काटा लागला तरी समजत नाही. म्हणून रुग्णाने रोज स्वतःचे तळवे पाहावेत, पाय पाण्यात भिजवावेत, तेल लावावे, आणि नवी जखम दिसताच सांगावे, असे त्याला शिकवावे लागते. दुखणे वाढते आहे की उतरते आहे हे खरे सांगणे, हे येथे रुग्णाचे कामच होऊन बसते.

रुग्णाकडून काम करून घेण्याचे कौशल्य जीवकाजवळही होते. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर व सात महिने उताणे निजशील काय, असे त्याने विचारून घेतले. श्रेष्ठी होय म्हणाला. पण प्रत्यक्षात प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला. एकवीस दिवसांनी जीवकाने सांगितले की, तेवढेच लागणार हे आपणास ठाऊक होते; परंतु महिने सांगितले नसते तर तू दिवसही निजला नसतास. वॉर्डातील अनुभवी सिस्टर आजही असेच बोलतात.

आता लाभाचा प्रश्न. परिचारकाने आमिषासाठी सेवा करू नये, असे विनय सांगतो. आणि नेमके हेच वचन पुढे करून परिचारिकांना, आयाबाईंना, आशाताईंना सेवाभावाचे प्रवचन ऐकविले जाते. असे बोलणाऱ्यांनी त्याच खंधकातील पुढचा भाग वाचलेला नसतो. भिक्खू मृत झाल्यावर त्याच्या वस्तूंचा स्वामी संघ असतो. परंतु परिचारकांचे उपकार मोठे आहेत असे म्हणून भगवंतांनी मृताचे पात्र व चीवरे परिचारकांना देण्याची अनुज्ञा दिली. संघात भिक्खूजवळ याहून मोलाचे दुसरे काय असते? हे दान गुपचूप होत नाही. संघासमोर रीतसर कर्म करून दिले जाते. आमिषाची इच्छा मनात नसावी, हा परिचारकाचा नियम झाला. त्याच्या श्रमाचा वाटा बुडू नये, हा संघाचा. दोन्ही नियम एकाच खंधकात, लागोपाठ आहेत.

भिक्खूबरोबर एखाद्या सामणेराने शुश्रूषा केली असेल तर काय, असाही प्रश्न त्या काळी निघाला. सामणेर वयाने व दर्जाने कनिष्ठ. वर्षावासाच्या क्रमात शेवटचा. निर्णय असा झाला की, या बाबतीत सामणेरालाही भिक्खूइतकाच वाटा द्यावा. २०११ च्या योजनेत एका बाळाच्या सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशाताईस २५० रुपये ठरविले गेले.